हिरव्या स्वेटरवरचं नाव

११ जानेवारी

ही वही बायकोने निघताना पिशवीत घातली होती. त्याला सहा महिने झाले, आज उघडली. म्हणाली होती, "तुम्ही फोनवर नुसतं हं हं करता. मनातलं वहीत तरी लिहा, आल्यावर मी वाचीन." मी म्हटलं, सातवीत शाळा सोडलेला माणूस काय लिहिणार? तर म्हणे, "शाळा सोडलेल्यांनी लिहू नये असा कायदा निघालाय का?"

तर लिहितो. मी इथे परदेशात एका मोठ्या लाँड्रीत आहे. हॉटेलांच्या चादरी एका बाजूला आणि वृद्धाश्रमाचे कपडे दुसऱ्या बाजूला. माझ्याकडे वृद्धाश्रम. तिथल्या प्रत्येक कपड्याला कॉलरच्या आत नावाची पट्टी शिवलेली असते. भिंतीला लाकडी खण आहेत, खणावर तेच नाव चिकटवलेलं. कपडे धुऊन, वाळून, घडी होऊन आले की मी पट्टी वाचतो आणि ज्याची घडी त्याच्या खणात घालतो. एवढंच काम. माणसं एकदाही बघितलेली नाहीत. पण कोण जेवताना सांडतं, कोणाला थंडी जास्त बाधते, कोणाच्या घरून नवीन शर्ट येतात आणि कोणाच्या येत नाहीत, सगळं मला ठाऊक असतं.

आज फोनवर बायकोने नावाचा विषय काढला. बाळंतपण जवळ आलंय. आई एक नाव घेऊन बसली आहे, वहिनीने पाच काढलीत, सगळी टीव्हीतली. बायको म्हणाली, "बाळ होईल तेव्हा तुम्ही नसणार. दात येईल तेव्हा नसणार. नाव तरी तुमचं असू दे."

मी हं म्हटलं.

१७ जानेवारी

नाव मिळालं.

हिरवं स्वेटर आहे एक, लाकडी बटणांचं. कोपरावर दुसऱ्या हिरव्या लोकरीने रफू केलेलं, इतकं नीट की मुद्दाम बघितल्याशिवाय कळत नाही. दर आठवड्याला येतं. त्याच्या पट्टीवरचं नाव मी इतके दिवस नुसतं जुळवून खणात टाकायचो. आज पहिल्यांदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. असं नाव मी कुठेच ऐकलेलं नाही. ना आपल्याकडे, ना इथे.

मास्तरला दाखवलं. मास्तर म्हणजे माझ्या खोलीतला, इस्त्रीच्या रोलरवर असतो. बारावी झालाय आणि ते विसरू देत नाही, म्हणून मास्तर. तो म्हणाला, "हे नाव आहे की औषध?" मी म्हटलं, तुझ्या पोरीला नको ठेवू. "माझं लग्न नाही झालं रे!" म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच.

ते नाव इथे लिहायला गेलो आणि पेन अडलं. पट्टीवर इंग्रजी अक्षरं आहेत. त्या अक्षरांचा भरवसा नाही, कशीही म्हणा, ती गप्प राहतात. आपल्या अक्षरांचं तसं नाही. एकदा लिहिलं की उच्चार ठरला. सुरुवात झटकन म्हणायची का शेवट ओढायचा, ते आधी ठरवावं लागतं. मला काय माहीत? म्हणून जागा सोडतो.

...................

नक्की कळलं की भरीन. बायकोला पट्टीचा फोटो पाठवला. तिने लिहिलं, "छान दिसतंय. मुलगा झाला तर?" मी लिहिलं, स्वेटर बाईचं आहे.

४ फेब्रुवारी

मुलगी झाली. वहिनीने फोन केला तेव्हा मी कपडे धुण्याच्या दोन ड्रमच्या मध्ये उभा होतो. काही ऐकू येईना. मागे कपडे वाळवायच्या खोलीत पळालो, तिथे उकाडा पण आवाज कमी. वहिनीने फोन बाळाच्या तोंडाजवळ धरला. रडत होती. मला वाटलं होतं, अजून काहीतरी वाटेल. डोळ्यांतून पाणी आलं पण तिथे सगळ्यांच्याच येतं, ब्लीचमुळे.

लाँड्रीच्या मुकादमबाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

१६ फेब्रुवारी

नाव ठेवलं. आणि सगळा घोळ झाला.

फोटो कुणाला वाचता येईना म्हणून बायकोने शेजारच्या शाळेतल्या बाईंना बोलावलं. बाईंनी चष्मा लावला, त्यांना वाटलं तसं वाचलं, आणि सगळ्यांनी तेच धरलं. फोनवर सगळे एका सुरात म्हणाले. ठसक्यात, पहिल्या अक्षरावर जोर आणि शेवट कापलेला, जसा दोरा दातांनी तोडतात तसा.

मी म्हटलं, असं नाहीये ते.

बायको म्हणाली, "मग कसं आहे?"

आता काय सांगू? मी मनात वेगळं म्हणत होतो, शेवट लांब सोडून. पण ऐकलं तर मीही नव्हतं कधी. मी म्हटलं, बघून सांगतो. पलीकडे हशा पिकला. आईने फोन घेतला, "अरे, पोरीचं नाव आता बघून सांगणार तू? मला मेलीला कुठलंच म्हणता येत नाही. मी चिमणीच म्हणणार."

९ मार्च

सुट्टीच्या दिवशी वृद्धाश्रमात गेलो. जायला कारण हवं म्हणून स्वेटरचं सैल झालेलं बटण घट्ट शिवलं आणि ते कागदात गुंडाळून स्वतः नेलं. दारावरच्या नर्सला पट्टी दाखवली. ती म्हणाली, "हं, अकरा नंबर." नाव वाचायच्या फंदातच पडली नाही.

अकरा नंबर म्हणजे कोपऱ्यातली खोली. खिडकीशी आजी बसल्या होत्या. मला वाटलं होतं उंच असतील, स्वेटरच्या बाह्या लांब आहेत ना. पण बाह्या दुमडून घालतात. मला इथली भाषा कामापुरती येते, त्यामुळे आधी बटणच दाखवलं. त्यांनी ते ओढून बघितलं. म्हणाल्या, "दोरा काळा लावलास."

मी म्हटलं, हिरवा नव्हता.

"मग बरोबर."

मग मी माझ्या मुलीचं सांगितलं. फोटो दाखवला. त्या बराच वेळ फोनकडे बघत राहिल्या. मी विचारलं, तुमचं नाव कसं म्हणायचं? त्यांनी ओठ हलवले, थांबल्या. मला भीती वाटली, विसरल्या की काय. मग म्हणाल्या.

मी म्हणत होतो तसंच जवळजवळ. फक्त शेवट माझ्यापेक्षाही हळू. रोलर बंद केला की वाफ जशी सावकाश निघून जाते तसा. मला तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते.

"इथे कोणी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची मी आजी, नाहीतर अकरा."

"घरी?"

"माझी आई म्हणायची. नवरा आयुष्यभर चुकीचंच म्हणाला."

मी विचारलं, तुम्ही सुधारलं नाही?

"तो हाक मारायचा," त्या म्हणाल्या, "मी जायचे."

मी मान हलवली. म्हातारपणी माणूस विचारलेलं सोडून दुसरंच सांगतं.

१० मार्च

चादरींच्या गोदामात जाऊन उच्चार रेकॉर्ड केला. तिथे घड्यांच्या राशींमुळे आवाज घुमत नाही. पहिल्यांदा मास्तर मध्येच शिंकला. दुसऱ्यांदा माझा आवाज एखादी घोषणा दिल्यासारखा आला. मग आपली मुलगी समोर आहे असं धरलं आणि हाक मारली. ती चांगली आली. बायकोला पाठवली, खाली लिहिलं, असं म्हणायचं, सगळ्यांना सांग.

तिचं उत्तर, "बरं."

२ एप्रिल

फोनवर मागून वहिनीचा आवाज. अजून तसंच, ठसक्यात.

२१ मे

आज डोकं फिरलं. आमच्या गल्लीत अजून दोन मुलींचं तेच नाव ठेवलंय! एक कोपऱ्यावरच्या शिंप्याची आणि एक वहिनीच्या मैत्रिणीची. बायको हे कौतुकाने सांगत होती. "सगळ्या विचारतात, इतकं वेगळं नाव कुठून आणलंत? मी सांगते, हिच्या बाबांनी लांबून पाठवलंय."

मी म्हटलं, मग तू देऊन टाकलंस?

"अहो, नावाला काय कुंपण घालू मी?"

मागून आई ओरडली, "तुझ्या नावाची साथ आलीये रे! अजून एक बाळंतीण व्हायची आहे, तिलाही लागण होणार."

सगळे हसले. मी फोन ठेवला.

मी अख्ख्या जगात एकटं असलेलं नाव शोधून पाठवलं होतं, आणि आता एका गल्लीत तीन. तिन्ही शाळेतल्या बाईंच्या उच्चाराच्या. उद्या मी जाऊन माझ्या पद्धतीने म्हटलं तर लोक मलाच सुधारतील. मास्तरला सांगितलं तर म्हणाला, "लोकशाही आहे. तुझं डिपॉझिट जप्त."

१३ जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. कपडे आले, गेले.

आज फोनवर पोरीला बघितलं. ती आता बसते, मागे उशी लावावी लागते. बायकोने फोन कपाटाला टेकवून ठेवला होता, तिच्या पाठीशी. मी हाक मारली, बरोबर उच्चाराने. वळली नाही. पुन्हा मारली. नाहीच. तिच्या हातात चमचा होता, तो चाटत होती. मग बायकोने समोरून गल्लीच्या पद्धतीने हाक मारली. लगेच मान वर. हसली पण.

बायको घाईघाईने म्हणाली, "अहो, लहान आहे अजून."

मी म्हटलं, तुला वळली की.

"मी दिवसभर समोर असते."

काय उत्तर आहे हे? मी उच्चाराबद्दल बोलत होतो.

३ ऑगस्ट

अकरा नंबरच्या आजींकडे आता दर सुट्टीला जातो. कारण लागत नाही. दारात उभा राहतो आणि त्यांचं नाव घेतो. त्या खिडकीतून मान वळवतात. पूर्ण वळतात, खांद्यासकट. मग मी आत जातो. फार बोलत नाही आम्ही. त्या कधी लोकर गुंडाळायला देतात. मी दोन्ही हात समोर धरून बसतो.

आज परत आल्यावर मास्तरने विचारलं, "म्हातारीकडे काय ठेवलंय तुझं?" मी म्हटलं, काही नाही. तिथे निदान हाक मारली तर कोणी वळतं.

मास्तरने त्याच्या ताटातली अर्धी पोळी माझ्या ताटात टाकली. असं तो सहसा करत नाही.

३० ऑगस्ट

आजींचं स्वेटर आलं नाही, नुसते झोपायचे झगे आले.

७ सप्टेंबर

गेलो होतो. पलंगावर होत्या. मी नाव घेतलं, वळायला वेळ लागला. पण वळल्या. माझ्या मुलीबद्दल विचारलं, "वळते का?" मी म्हटलं, नाही. म्हणाल्या, "अजून हाक मार."

२८ सप्टेंबर

जमलं नाही जायला. हॉटेलात लग्नं होती, चादरींचा डोंगर.

१९ ऑक्टोबर

खण रिकामा आहे.

आमच्याकडे अशी पद्धत आहे, की दोन खेपा कपडे आले नाहीत तर मुकादमबाई आश्रमात फोन करतात. आणि मग खणावरची पट्टी काढतात. दुसरं माणूस येणार असतं, त्याला खण लागतो. आज त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "ती वरची पट्टी काढून घे." त्यांना काय ठाऊक? त्यांच्यासाठी वरची पट्टी.

मी म्हटलं, थोडे दिवस राहू दे.

"का? उद्या नवीन येतोय. लांबट नाव आहे, मोठी पट्टी लागेल."

नखाने काढली. अर्धी आली, अर्धा कागद लाकडाला चिकटून राहिला. ओल्या फडक्याने घासला. संध्याकाळी आश्रमात गेलो, काय मिळणार होतं? अकरामध्ये गादी भिंतीला टेकवलेली. नर्स म्हणाली, झोपेत गेल्या. मी विचारलं, स्वेटर? म्हणाली, अंगावरच होतं.

चला. म्हणजे बटण टिकलं.

२ नोव्हेंबर

जानेवारीत माझा करार संपतो. आज मुकादमबाईंनी बाजूला घेतलं. "अजून दोन वर्षं राहतोस का? वृद्धाश्रमाची पूर्ण बाजू तुझ्याकडे देते. तू पट्ट्या चुकवत नाहीस." वर म्हणाल्या, घाई नाही, महिनाअखेरीपर्यंत सांग.

मी विचार केला. घरी जाऊन काय करायचं? एक मुलगी आहे, तिला आई आहे, आजी आहे, काकू आहे, अख्खी गल्ली आहे, नाव आहे, ते पण त्यांचंच. मी दारात उभा राहून हाक मारीन आणि ती चमचा चाटेल. आणि लोक म्हणतील, असं नाही, असं म्हणा.

इथे निदान काम येतं.

१६ नोव्हेंबर

बायकोला सांगितलं, बहुतेक थांबतो.  मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "बरं." तिच्या "बरं"चे किती प्रकार आहेत ते मला आता कळायला लागलंय, आणि हा नवीन होता.

मग म्हणाली, "जरा थांबा ना, ती बघा काय करते." पोरगी रांगत आली आणि फोनवर थापा मारायला लागली. पडद्यावर नुसते तळहात. मग फोन चाटला. कसलेतरी आवाज काढत होती. मी म्हटलं, खेळणं वाटतंय तिला, काढून घे, फोन खराब होईल. तेवढ्यात ड्रम सुरू झाला आणि मला जावं लागलं.

२९ नोव्हेंबर

मुकादमबाईंना होकार दिला. सही महिन्याभराने, कागद तयार झाले की. मास्तरने हात मिळवला आणि म्हणाला, "गाढव आहेस." एकाच दमात.

१४ डिसेंबर

आज आईचा फोन आला. ती स्वतःहून कधी करत नाही, तिला बटणं सापडत नाहीत. शिंप्याच्या पोराकडून लावून घेतला म्हणे. मी घाबरलो, काय झालं?

"काही झालं नाही. तुला शिव्या द्यायला केलाय."

"दे."

"दोन वर्षं थांबणार म्हणे तू. तुझ्या बायकोने सांगितलं आणि भांडी घासायला गेली. घासलेलीच घासत होती. अरे, तुला काही कल्पना आहे का, ती रोज काय करते? दिवेलागणीला पोरीला मांडीवर घेते आणि ते तुझं रेकॉर्डिंग लावते. रोज! मार्चपासून. एक दिवस चुकवला नाही. पोरगी त्याच्याशिवाय घास घेत नाही आता. तुझा आवाज ऐकून माझे कान किटले."

मी म्हटलं, रोज ऐकते? मग माझ्या हाकेला वळत का नाही? नऊ महिने ऐकून नाव कळत नाही तिला?

आई मग म्हणाली, "तू सातवीत का अडकलास ते आज समजलं मला. उद्या सुट्टी आहे ना? फोन कर. आणि हाक मारू नकोस. तोंड बंद ठेवून नुसता बस."

१५ डिसेंबर



फोन लावला. खोलीत एकटाच होतो. बायकोने उचलला, पण कॅमेरा चालू करायच्या आधी म्हणाली, "बोलू नका हं." आईने तिला शिकवून ठेवलं होतं. मग चित्र आलं. फोन जमिनीवर टेकवलेला होता आणि पोरगी लांब, दाराजवळ, पाठ करून. चपलेशी खेळत होती.

वहिनीने स्वयंपाकघरातून गल्लीच्या पद्धतीने हाक मारली. ती वळली, तिकडे बघितलं, हसली, पुन्हा चपलेकडे. म्हणजे ते तिचं नाव. ते तिला पक्कं माहीत आहे.

बायको तिला म्हणाली, "बघ, फोन लागला. कोण आहे?"

तिने मान वळवली. फोन दिसला. चप्पल टाकली. पडद्यात मी असेन, लहानसा. तिथूनच तिने तोंड उघडलं आणि म्हणाली. पट्टीवरचं नाव. पहिलं अक्षर आलंच नाही, मधलं बोबडं, पण शेवट! शेवट लांब सोडलेला, सावकाश, वाफेसारखा. गोदामात चादरींमध्ये उभं राहून मी म्हटला होता, अगदी तसा. आणि रांगत सुटली, माझ्याकडे.

मी बोललो नाही. 

बायको मागून म्हणाली, "ते तिला तिचं नाव वाटतच नाही हो. तिचं नाव ते, जे आम्ही म्हणतो. हे तुमचं आहे. नुसता बंद फोन दिसला तरी तुम्हाला अशाच हाका मारत बसते. मागे दाखवायला गेले तर तुम्ही म्हणालात, फोन खराब होईल."

पोरगी पोचली होती. पडद्यावर तळहात ठेवला आणि पुन्हा म्हणाली. मग जरा मोठ्याने. मी उत्तर देत नाही म्हणून चिडली असेल. मग मी हं म्हटलं. आयुष्यभर हं म्हणत आलो, पण हे पहिल्यांदा कुणाला तरी पुरलं. ती खुदकन हसली.

हे तुला फोनवर कसं सांगू, म्हणून इथेच लिहितो, तू वाचशीलच. त्या आजी मला त्या पहिल्या दिवशी नवऱ्याच्या हाकेचं काहीतरी सांगत होत्या आणि मी दोऱ्याचा रंग बघत बसलो होतो.

जानेवारीचं पान उघडलं. जागा तशीच आहे, टिंबांची. भरणार नाही मी. तिथे तिचं नाव यायचं होतं, आणि तिचं नाव तुम्ही म्हणता तेच आहे, ते तू भर, तुझ्या हाताने. माझा उच्चार कुठे लिहायची गरज नाही. त्या उच्चाराने हाक मारणारं माणूस जगात एकच उरलंय, आणि त्याला अजून लिहिता येत नाही.

मुकादमबाई सकाळी लवकर येतात. कामाला लागायच्या आधी गाठायचं आणि सांगायचं, दुसरा माणूस बघा. विचारतील, का रे, काय झालं? काय सांगायचं ते ठरलंय.

तिने हाक मारली. मी जातो.